पेशीत शिरले, पुढे काय?

जनुकवाहक लिपिड कणांवरच्या बहुतेक शोधनिबंधांत पहिला तक्ता ठरलेला असतो: कणांचा आकार, पृष्ठभार आणि किती टक्के आरएनए कणांत सामावला. मागोमाग चमकणाऱ्या पेशींचे छायाचित्र येते आणि वाहक ‘यशस्वी’ ठरतो. पण ही चमक बहुतांशी एन्डोसोममध्ये, म्हणजे पेशीतल्या पटलबंद पिशव्यांत, अडकलेल्या मालाची असते. यकृतपेशींतील एसआयआरएनएचा (जनुक गप्प करणाऱ्या लहान आरएनएचा) माग काढणाऱ्या 2013 च्या अभ्यासात पेशीद्रवात जेमतेम 1 ते 2 टक्केच रेणू पोहोचलेले आढळले. पार्सल गावच्या टपाल कचेरीत पडून असताना ते घरपोच झाल्याची नोंद करावी, तसा हा प्रकार आहे. सामावण्याच्या टक्केवारीचेही तेच. 2022 मध्ये आणीबाणीच्या वापरासाठी मान्यता मिळालेल्या पुण्याच्या जेनोव्हाच्या कोविड लशीत आरएनए लिपिड कणांच्या आत नसतोच, पृष्ठभागाला चिकटलेला असतो. तरी ती प्रतिकारशक्ती जागवते. तेव्हा एन्डोसोममधून मालाच्या सुटकेचे मोजमाप निबंधात असलेच पाहिजे, असे आमचे मत आहे.

यावर पहिला आक्षेप असा की, एवढ्याशा सुटकेवरही 2018 मध्ये पॅटिसिरान हे एसआयआरएनए औषध बाजारात आलेच. आले खरे, पण तिथे दोन गोष्टी पथ्यावर पडल्या. एसआयआरएनएचा एक रेणू अनेक संदेशवाहक आरएनए तोडवू शकतो, आणि रक्तातला एपोलिपोप्रोटीन-ई कणांवर बसून त्यांना यकृताकडे नेतो. स्नायू किंवा फुप्फुस गाठायचे असेल, अथवा केंद्रकापर्यंत डीएनए न्यायचा असेल, तर ही सवलत नाही. मात्रा वाढवून तूट भरून काढावी, तर लिपिडही वाढते आणि त्याबरोबर दाहही. पॅटिसिरानच्या प्रत्येक सलाइनआधी स्टेरॉइड द्यावे लागते, हे विसरू नये. दुसरा आक्षेप साधनांचा आहे आणि तो अधिक रास्त आहे: अतिसूक्ष्म इमेजिंग सर्वांच्या आवाक्यात नाही. मात्र एन्डोसोमचे पटल फाटताच तिथे गोळा होणारे गॅलेक्टिन प्रथिन प्रकाशमान करून साध्या प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शकाखालीही पाहता येते. पटल फाटले म्हणजे माल सुटलाच, असे अर्थात नव्हे; म्हणून त्याच पेशींत तयार झालेल्या प्रथिनाचे मापही सोबत हवे.

परीक्षकांनी या दोन मापांविना आलेला ‘यशस्वी वाहक’ हा दावा मान्य करू नये, आणि लेखकांनी आपल्या हस्तलिखितातला पहिला तक्ता धाडण्यापूर्वी तपासून पाहावा, ही विनंती.