घोड्याचे नाक वाहते, पण मालक गप्प का राहतो?

मे २०२५ मध्ये केदारनाथच्या वाटेवर दोन दिवसांत १४ घोडे-खेचरे दगावली आणि उत्तराखंड सरकारला त्यांची ये-जा काही काळ थांबवावी लागली. महाराष्ट्रातून दरवर्षी कितीतरी लोक या यात्रेला जातात, त्यामुळे ‘हा आजार आपल्याला होईल का?’ असा प्रश्न पडणे साहजिक होते. तेव्हा चर्चेत होता घोड्यांचा इन्फ्लुएन्झा. त्यापासून माणसाला जवळजवळ धोका नाही. यात्रेआधी याच जनावरांचे रक्त आणखी एका आजारासाठी तपासतात, तो म्हणजे ग्लँडर्स. हा मात्र माणसाच्या जिवावर बेतू शकतो.

ग्लँडर्स ‘बर्कहोल्डेरिया मॅलिआय’ या जिवाणूमुळे होतो. घोड्याच्या नाकातून घट्ट स्राव येतो, नाकपुडीत व्रण पडतात, पायांवर गाठी येऊन फुटतात. हा स्राव हातावरच्या जखमेला, डोळ्याला किंवा नाका-तोंडाला लागला तर माणसाला लागण होऊ शकते. भारतात हा आजार २००६ मध्ये महाराष्ट्रातच पुन्हा डोके वर काढताना दिसला आणि नंतर इतर राज्यांतही आढळला.

मग घोडेवाले सावध का नसतात? ‘अज्ञान’ हे सोपे उत्तर आहे, पण मला ते पटत नाही. घोड्याचे नाक कधीपासून वाहते आहे, हे मालकाला इतर कुणाहीपेक्षा आधी कळते. पण माणसाला लागण क्वचितच होते, त्यामुळे ‘आजोबांपासून घोडे पाळतोय, आम्हाला काही झालं नाही’ हा त्याचा अनुभव खराच असतो. शिवाय २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार ग्लँडर्स कळवणे बंधनकारक आहे, आणि तपासणीत तो निश्चित झाला की उपचार न करता जनावराला मारून पुरावे लागते. नुकसानभरपाईची तरतूद आहे. पण माथेरानला घोड्यावर पोट असलेल्या किंवा कर्ज काढून खेचर घेतलेल्या माणसाच्या दृष्टीने रिपोर्ट म्हणजे रोजगार गेला. त्यातून हा आजार घोड्यात कित्येक महिने रेंगाळतो आणि जनावर कामही करत राहते. अशा वेळी गप्प राहणे किंवा ते दुसऱ्या बाजारात विकून टाकणे त्याला परवडते. जनजागृतीची पत्रके हे गणित बदलत नाहीत. पुरेशी भरपाई वेळेवर हातात पडली तर कदाचित बदलेल.

हे फक्त आपल्याकडचे नाही. ऑस्ट्रेलियात १९९४ मध्ये घोड्यांकडून माणसांना हेन्ड्रा विषाणूची लागण झाली. आजवर सात जणांना ती झाली, त्यांतले चार दगावले. घोड्यांसाठी २०१२ पासून लस आहे, तरीही खर्च आणि दुष्परिणामांच्या भीतीने अनेक मालक ती देत नाहीत. ग्लँडर्सवर तर घोड्यासाठीही लस नाही आणि माणसासाठीही नाही.

यात्रेत किंवा सहलीत एखाद्या वेळी घोड्यावर बसलात म्हणून घाबरू नका. नंतर साबणाने हात धुवा, एवढे पुरे. खरी काळजी हवी ती रोज खरारा करणाऱ्या मोतद्दाराची, पशुवैद्यकाची आणि तबेल्यात वावरणाऱ्या घरच्या माणसांची. आजारी घोड्याचे नाक उघड्या हाताने पुसू नका. हातमोजे व मास्क वापरा, जखम झाकून ठेवा, त्या घोड्याची बादली वेगळी करा आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

संपर्कानंतर साधारण एक ते चौदा दिवसांत थंडी वाजून ताप, खूप घाम, अंगदुखी, छातीत दुखणे, खोकला किंवा त्वचेवर न भरणारा व्रण दिसला, तर लगेच डॉक्टरांकडे जा. ‘आमच्याकडे घोडे आहेत, त्यातला एक आजारी आहे’ हे आपणहून सांगा. ही लक्षणे इतर अनेक तापांसारखीच असल्याने, सांगितल्याशिवाय डॉक्टरांना ग्लँडर्सची शंका येणे अवघड आहे. योग्य प्रतिजैविके वेळेवर सुरू झाली तर रुग्ण वाचू शकतो. मात्र ती दीर्घकाळ, कधी कधी काही महिने घ्यावी लागतात. रक्ताचा किंवा पुवाचा नमुना देताना प्रयोगशाळेलाही ही माहिती द्या, कारण हा जिवाणू तिथल्या कर्मचाऱ्यांनाही लागू शकतो.