२०१७ चा निकाल रद्द करा

परवा नातवाशी फोनवर कडाक्याचं भांडण झालं. विषय काय, तर बेसबॉल! घरात सगळे हसले. जन्मभर इतिहास आणि मराठी शिकवलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या बाईने ह्यूस्टनच्या संघावरून आवाज चढवावा हे विनोदीच आहे म्हणा. पण मी माझ्या मतावर ठाम आहे आणि फोनवर तो मला बोलू देत नाही, म्हणून इथे लिहिते आहे. (वाचेल तो. म्हणजे त्याची आई वाचून दाखवेल, देवनागरीचा त्याला कंटाळा.)

माझं म्हणणं एवढंच आहे. अमेरिकेतल्या बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजच्या विजेत्यांच्या यादीत २०१७ सालापुढे 'ह्यूस्टन ॲस्ट्रोज' असं नाव आहे. ते खोडावं. दुसऱ्या कुणाचं लिहू नये. जागा कोरी ठेवावी.

त्या वर्षी मी मुलीकडे ह्यूस्टनलाच होते. ऑगस्टमध्ये हार्वी वादळाने शहर बुडालं होतं. मी पोचले तेव्हा पाणी ओसरलं होतं, पण गल्लोगल्ली घरांपुढे भिजलेल्या गाद्या, सोफे, भिंतींचे तुकडे यांचे ढीग पडले होते. खेळाडूंच्या शर्टावर 'ह्यूस्टन स्ट्राँग' अशी पट्टी शिवलेली. नातू तेव्हा नऊ वर्षांचा. त्यानेच मला शेजारी बसवून हा खेळ शिकवला. लॉस एंजेलिसच्या डॉजर्सबरोबरचा पाचवा सामना आम्ही रात्री जागून पाहिला. डॉजर्स आधी ४-० ने पुढे, मग ७-४ ने पुढे, आणि शेवटी दहाव्या इनिंगमध्ये ॲस्ट्रोज १३-१२ ने जिंकले. पाच तासांच्या वर चालला सामना! १ नोव्हेंबरला सातवा सामना ५-१ असा जिंकून ॲस्ट्रोज विजेते झाले. संघाच्या इतिहासातलं हे पहिलंच विजेतेपद. ३ तारखेला शहरात मिरवणूक निघाली, शाळांना सुट्टी दिली. मीही त्या दिवशी नाचले. तेव्हा परक्या माणसाने दुरून उणीदुणी काढावीत तशी मी बोलत नाहीये, हे लक्षात घ्या.

दोन वर्षांनी, नोव्हेंबर २०१९ मध्ये, २०१७ साली ॲस्ट्रोजकडूनच खेळलेला पिचर माइक फायर्स याने सगळं उघड सांगितलं.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. चेंडू टाकणारा तो पिचर. समोर, बॅटरच्या मागे बसून झेलणारा तो कॅचर. पुढचा चेंडू सरळ वेगात टाकायचा की वळणारा, हे तेव्हा कॅचर मांडीआड बोटांनी खुणावायचा. बॅटरला ते आधी कळलं तर अर्धी लढाई तिथेच संपली. समोरच्या संघाचा खेळाडू दुसऱ्या बेसवर उभा असेल आणि नुसत्या डोळ्यांनी ती बोटं वाचून इशारा करत असेल, तर त्याला कुणाची हरकत नसते. शंभर वर्षं चालत आलेली ती हुशारी आहे. पण यंत्र वापरायला बंदी. ॲस्ट्रोजनी काय केलं? मैदानाच्या मध्यभागी पलीकडे लावलेल्या कॅमेऱ्याचं चित्र आपल्या डगआऊटला लागून असलेल्या बोळात टीव्हीवर आणलं. तिथे बसून खुणा ओळखायच्या आणि शेजारचं कचऱ्याचं पिंप दांडक्याने बडवायचं. पिंप वाजलं तर वळणारा किंवा हळू चेंडू, वाजलं नाही तर वेगाचा. कोट्यवधी डॉलर पगार घेणारी माणसं, आणि हत्यार काय तर कचऱ्याचं पिंप!

ॲस्ट्रोजच्याच एका चाहत्याने त्या मोसमातल्या घरच्या ५८ सामन्यांच्या चित्रफिती चेंडू-चेंडू ऐकून काढल्या. आठ हजारांवर चेंडू. त्यात ११४३ वेळा पिंप वाजलेलं सापडलं. त्या भल्या माणसाला मी मनातून नमस्कार केला. स्वतःच्या संघाचे पेपर असे तपासायला काळीज लागतं.

आणि हे ऐकताना मला आठवली सायकलची घंटी. नव्वदच्या दशकातली गोष्ट. गाव आणि केंद्र कुठलं ते सांगत नाही. दहावीच्या परीक्षेला मी पर्यवेक्षक होते. 'योग्य पर्याय निवडा' हा प्रश्न सुरू झाला की खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवायचा. एकदा वाजली की अ, दोनदा की ब. दोन पेपर माझ्या लक्षातच आलं नाही, घंटी काय, रस्त्यावर वाजतेच. तिसऱ्या दिवशी वर्गातल्या माना एकदम खाली गेलेल्या पाहिल्या आणि ट्यूब पेटली. मी लेखी कळवलं. ठरलं काय? घंटी वाजवणाऱ्याला दम देऊन हाकललं, आणि मुलांबद्दल वर काही कळवायचं नाही, "बाई, त्यांचं वर्ष जाईल." मी गप्प बसले. ती माझी चूक, आजही मला ती टोचते.

आता बेसबॉलवाल्यांनी काय केलं पाहा. जानेवारी २०२० मध्ये कमिशनर रॉब मॅनफ्रेड यांनी अहवाल काढला. व्यवस्थापक हिंच आणि जनरल मॅनेजर लुनो यांना वर्षभर बंदी (मालकाने दोघांना त्याच दिवशी काढून टाकलं), संघाला पन्नास लाख डॉलर दंड, नवे खेळाडू निवडण्याचे पहिल्या आणि दुसऱ्या फेरीतले हक्क दोन वर्षं गेले. आणि खेळाडू? त्यांना अभय. खरं सांगा, शिक्षा करणार नाही, असा करार करूनच जबान्या घेतल्या होत्या. पिंप ज्यांच्यासाठी वाजलं त्यांचं काहीही गेलं नाही. तीच घंटी, तोच दम! हिंचना पुढच्याच मोसमासाठी डेट्रॉईटने व्यवस्थापक नेमलं.

हे अजाणतेपणी झालं म्हणावं, तर तेही नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये बोस्टनच्या संघाला हातातल्या घड्याळावरून खुणा पोचवताना पकडलं होतं, आणि कमिशनरने सगळ्या संघांना ताकीद पाठवली होती. त्यानंतरही पिंप चालूच. त्याच महिन्यात शिकागोच्या एका पिचरला आवाजाचा संशय आला, तर यांनी भिंतीवरचा टीव्ही घाईघाईने काढून लपवला. बाद फेरीत मग टेबलावर ठेवायचा दुसरा टीव्ही आणला. चिठ्ठी बुटात लपवणारा पोरगा मला समजतो. भरारी पथक येऊन गेल्यावर दुसरी चिठ्ठी काढणारा निर्ढावलेला असतो.

नातवाचा मुद्दा असा: "आजी, त्या वर्षी ते बाहेरच्या मैदानांवर जास्त जिंकले. तिथे कुठे पिंप होतं?" मुद्दा खरा आहे. साखळीत घरी ४८ विजय, बाहेर ५३. पोरगा आकडे पाठ करतो, कौतुक आहे. मग मीही वही काढली. बाद फेरीत घरच्या नऊ सामन्यांपैकी आठ जिंकले आणि बाहेरच्या नऊपैकी फक्त तीन. पण खरं सांगू का, या आकड्यांवरून मला काही सिद्ध करायचंच नाही. कॉपीतलं उत्तर चुकलं म्हणून कॉपी माफ होत नाही. आमच्या मंडळाचा शब्द आहे, 'संपादणूक रद्द'. त्याला कॉपी न करता किती मार्क पडले असते याचा हिशोब कुणी करत बसत नाही, कारण तो हिशोब करण्याची सोय त्यानेच बुडवलेली असते.

"सगळेच करत होते" हा दुसरा मुद्दा. याला मी उत्तर देत नाही. पस्तीस वर्षं देऊन दमले.

मला खरा राग आहे तो ज्यांचं गेलं त्यांच्यासाठी. टोरंटोचा पिचर माइक बोलसिंगर. ४ ऑगस्ट २०१७ ला ह्यूस्टनमध्ये त्याला मैदानात आणलं. २९ चेंडूंत त्याच्यावर चार धावा निघाल्या. सामन्यानंतर त्याला खालच्या लीगमध्ये पाठवलं आणि मेजर लीगमध्ये तो पुन्हा कधीच खेळला नाही. पुढे जपानमध्ये २०१८ च्या मोसमात त्याने १३ सामने जिंकले, म्हणजे हातातली कला कुठे गेली नव्हती. त्याने २०२० मध्ये दावा लावला, हाती काही लागलं नाही. सर्वांत जास्त पिंप वाजलेला सामना कुठला, तर तोच ४ ऑगस्टचा. घंटी ऐकून पास झालेल्या मुलांपायी ज्याची जागा गेली, असा कुणीतरी त्या वर्षी आमच्या तालुक्यातही असणार. त्याला तर ते माहीतही नाही.

होजे अल्टुव्हेबद्दल मात्र न्यायाने बोललं पाहिजे. त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू तो ठरला, आणि त्याच्या वेळी पिंप फारच कमी वाजल्याचं त्याच यादीत दिसतं. बिचाऱ्याला गावोगावी शिट्ट्या ऐकाव्या लागतात. निकाल कोरा झाला असता तर त्याच्याही पाठीवरचं ओझं उतरलं असतं असं मला वाटतं.

तर रद्द का केलं नाही? कमिशनर म्हणाले, तसा पायंडा नाही. वर फेब्रुवारी २०२० मध्ये ते त्या ट्रॉफीला धातूचा तुकडा म्हणाले! नंतर माफी मागितली. गंमत म्हणजे त्या ट्रॉफीचं नावच 'कमिशनर्स ट्रॉफी' आहे. पायंडा नाही तर पाडावा. सायकलवाल्यांनी २०१२ मध्ये लान्स आर्मस्ट्राँगची सात वर्षांची विजेतेपदं काढून घेतली आणि साती जागा रिकाम्या ठेवल्या. लॉस एंजेलिसच्या नगरपरिषदेने ठराव करून २०१७ चं विजेतेपद डॉजर्सना मागितलं, ते मला पटत नाही. पहिल्याने कॉपी केली म्हणून दुसऱ्याचा पेपर आपोआप बरोबर होत नाही. आणि कोऱ्या जागेचं एवढं भय कशाला? वर्ल्ड सिरीजच्या यादीत १९०४ साल कोरं आहे, न्यूयॉर्कच्या संघाने खेळायलाच नकार दिला म्हणून. १९९४ साल कोरं आहे, खेळाडूंच्या संपामुळे. त्यात तिसरं.

२०२२ मध्ये ॲस्ट्रोजनी फिलाडेल्फियाला ४-२ ने हरवून पुन्हा वर्ल्ड सिरीज जिंकली. त्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. नातू डिसेंबरात येतो आहे आणि माझ्यासाठी संघाची टोपी आणणार आहे. २०२२ लिहिलेली आणलीस तर घालीन, असं त्याला सांगून ठेवलं आहे. त्याने अजून उत्तर दिलेलं नाही.