पाचवा गिअर

दिवाळीच्या अंकात वाचकांना चकली-कडबोळ्यांची अपेक्षा असते. तिथे या सदराने तेलात बुडालेले पोलादी दाते पुढे करावेत, हे काही बरे नव्हे. पण चकलीही तेलातूनच निघते, एवढ्या नात्यावर वाचकांनी गोड मानून घ्यावे.

विषय आहे आमच्या आक्काच्या घरच्या मोटारीचा. आक्काचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, डॉक्टर होऊन विलायतेला गेले आणि लेस्टरला स्थायिक झाले. आयुष्यात त्यांनी चैन केली ती एकच. 1970 सालची एम. जी. मिजेट ही दोन माणसांची उघडी मोटार त्यांनी जुनी विकत घेतली आणि शेवटपर्यंत चालवली. ऑक्सफर्डजवळच्या अॅबिंग्डन गावी 1961 पासून 1979 पर्यंत या मोटारी तयार होत. वजन सातशे किलोंच्या आसपास, इंजिन 1,275 सी.सी.चे आणि ताकद 65 अश्वशक्ती. उंच माणसाने आत बसायचे म्हणजे आधी पाय कुठे ठेवायचे याचा विचार करावा लागतो.

हिला गिअर चार, आणि त्यांतला पहिला जुन्या वळणाचा. गिअर बदलायचा म्हणजे निरनिराळ्या गतीने फिरणारे दोन भाग एकमेकांत गुंतवायचे. सिंक्रोमेशच्या योजनेत एक पितळी कडे आधी घासून दोहोंची गती सारखी करते आणि मग दाते बिनबोभाट बसतात. मिजेटच्या पहिल्या गिअरला ही सोयच नव्हती. चालत्या गाडीत तो घालायचा तर डबल क्लच मारायचा: क्लच दाबून गाडी न्यूट्रलला आणा, क्लच सोडून इंजिन किंचित चढवा, पुन्हा क्लच दाबा आणि मग गिअर घाला. जुनी फियाट ज्यांनी चालवली आहे, त्यांना हा व्यायाम ठाऊक असेल.

भाऊजी गेले आणि मोटार गॅरेजात उभी राहिली. पाच वर्षांनी भाच्याने ती बाहेर काढली, तर गिअरबॉक्स कण्हत होती. पहिल्या गिअरचे दाते झिजलेले, दुसरा मधेच निसटणारा, बेअरिंगे खिळखिळी. गेल्या मे महिन्यात मी तिथे होतो, तेव्हा घरात याच प्रश्नावर दोन पक्ष पडले होते.

भाचा म्हणे, "मामा, जुनी दुरुस्त केली तरी नाजूक ती नाजूकच. त्यापेक्षा फोर्डची बसवू."

फोर्डची म्हणजे टाइप नाइन. 1982 साली निघालेल्या सिएरा मोटारीत ही पाच गिअरांची पेटी असे. दोन लिटरच्या इंजिनाचा जोर सोसण्यासाठी ती घडवलेली. मिजेटचे इंजिन तिला पोरखेळ. पाचही गिअरांना सिंक्रोमेश. शिवाय पाचव्या गिअरचे प्रमाण सुमारे 0.82. ताशी सत्तर मैलांना जे इंजिन मिनिटाला चार हजारांहून अधिक फेरे घेत किंचाळते, ते साडेतीन हजारांवर येते.

आक्काचे म्हणणे एवढेच होते, "अरे, त्या दांड्यावर ह्यांचा हात असायचा. तो काढून टाकलास, तर गाडीत यांचं राहिलं काय?"

यावर भाच्याजवळ उत्तर नव्हते, आणि खरे सांगायचे तर माझ्याजवळही नव्हते. थोड्या वेळाने आक्कानेच विचारले, "पुन्हा जुनी बसवायची म्हटलं, तर बसवता येईल का?"

मला वाटते, जुन्या वस्तूला हात लावण्यापूर्वी विचारण्याचा खरा प्रश्न हाच. भाच्याने सगळे काम त्या प्रश्नाभोवती आखले. मिजेटची गिअरबॉक्स खालून निघत नाही. इंजिनासकट वर उचलावी लागते. इंजिन आणि फोर्डची पेटी यांच्यामध्ये घंटेच्या आकाराचे अॅल्युमिनियमचे नवे आवरण आले. क्लचची तबकडी फोर्डच्या शाफ्टला बसणारी घेतली, प्रोपेलर शाफ्ट नवा आखूड करून आणला, खालचा आधार आणि स्पीडोमीटरची केबल बदलली. पत्रा एकदोन ठिकाणी ठोकावा लागला, पण कापला कुठेच नाही. जुना प्रोपेलर शाफ्ट आणि जुनी गिअरबॉक्स तेलाच्या फडक्यात गुंडाळून, चिठ्ठी लावून, फळीवर ठेवली.

नव्यात खोड नाही असे नव्हे. मूळचा पहिला गिअर 3.20 चा होता, हा 3.65 चा. गाडी हलली न हलली तोच दुसरा मागते.

मग भाच्याला पुढचा मोह झाला. गिअरबॉक्स एवढी दणकट, तर इंजिनही मोठे का घालू नये? मी त्याला मोटारीच्या मागच्या बाजूला नेले. इंजिनाचा जोर गिअरबॉक्सपाशी थांबत नाही. तो पुढे मागच्या चाकांच्या शाफ्टांवर जातो, आणि शर्यतीत पळवलेल्या मिजेटचे हे शाफ्ट तुटतात, हे प्रसिद्धच आहे. एक सांधा बळकट झाला, म्हणून सगळ्यांवर ओझे वाढवायचे नसते. एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना हे अधिक फोडून सांगायला नको. भाच्याने मोठ्या इंजिनाचा नाद सोडला.

मागच्या महिन्यात आक्काचा फोन आला. दर पंधरवड्याला ती आता एम 69 रस्त्याने कव्हेंट्रीला मैत्रिणीकडे जाते, मिजेटमधूनच. मुलगा चालवतो, ती शेजारी.

"एवढी वर्षं ह्यांच्या शेजारी बसले," ती म्हणाली, "पण मोठ्या रस्त्याला लागलं की इंजिनाच्या आवाजात ह्यांचं एक वाक्य पुरं ऐकू आलं नाही. आता पोरगा बोलतो ते ऐकू येतं. ह्यांच्याच गोष्टी सांगत असतो."

फळीवरच्या पेटीविषयी मी विचारले. ती अजून तिथेच आहे. तिच्यावरची धूळ आक्का स्वतः पुसते.