थकवा म्हणजे आळस नव्हे

मेळघाटातल्या सेमाडोहसारख्या गावात एखादा तरुण सतत थकलेला असेल, तर आधी रक्तक्षय, सिकलसेल, क्षयरोग आणि थायरॉइडची तपासणी व्हायलाच हवी. पण अहवाल नीट येऊनही सहा महिने थकवा हटत नसेल, झोपूनही ताजेतवाने वाटत नसेल आणि थोड्या श्रमानेही पुढचे काही दिवस अंथरूण धरावे लागत असेल, तर? तो ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ असू शकतो. हा शरीराचा खरा आजार आहे, मनाचे खेळ नव्हेत, असे अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ मध्येच स्पष्ट केले.

रुग्ण बरा होतो का? खोटा दिलासा नको. जुन्या अभ्यासांच्या २००५ मधील आढाव्यात पूर्ण बरे होणारे प्रौढ साधारण ५ टक्के, तर सुधारणा होणारे सुमारे ४० टक्के आढळले. किशोरवयीनांना आशा अधिक असते.

‘काम केलं की अंग मोकळं होतं’ हा आपला लाडका सल्ला इथे घातक ठरतो. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेनेही व्यायाम ठरावीक टप्प्यांनी वाढवत नेण्याची शिफारस २०२१ मध्ये मागे घेतली. शक्ती संपण्याआधी थांबणे, हेच आज हाती असलेले साधन आहे.

मात्र रोजंदारीवरच्या घरात थांबणे म्हणजे मजुरी बुडणे. म्हणून रुग्णाचा भार घराने वाटून घ्यावा, महाविद्यालयाने हजेरीत सवलत द्यावी. आजाऱ्याला रोजाची सूट कुरआननेच दिली आहे; ती घेणाऱ्याला टोमणे मारणारे आपण कोण?