न्याय कोणाच्या खर्चाने? : ‘टेंपेस्ट’, तंजावर आणि पापनाशम

शेक्सपिअरचे ‘टेंपेस्ट’ हे क्षमेचे नाटक आहे, हे विधान आपल्याकडील वाङ्मयचर्चेत आणि विद्यापीठीय अध्यापनात इतक्या वेळा उच्चारले गेले आहे, की ते आता तपासून पाहण्याचे विधान राहिलेले नाही. ते एक गृहीतक झाले आहे. भावाने दगा दिलेला, लहानग्या मुलीसह समुद्रात लोटून दिलेला मिलानचा ड्यूक प्रॉस्पेरो एका निर्जनप्राय बेटावर बारा वर्षे मंत्रविद्येची उपासना करतो, शत्रूंचे जहाज आपल्या किनाऱ्याजवळ येताच वादळ उठवतो, त्यांना हतबल करतो आणि सूड हाताशी आलेला असताना तो टाळतो. त्यामुळे हा नाटककाराच्या परिपक्व, शांत मनाचा अखेरचा उद्गार ठरतो आणि विद्यार्थी परीक्षेत तसे लिहून मोकळे होतात. या वाचनात खोटे काही नाही. मात्र ते नाटकातील हिशेबाची अर्धीच बाजू वाचते.

संहितेतील काही गोष्टी सरळपणे मांडल्या, तरी क्षमेच्या या चित्राला तडे जातात. प्रॉस्पेरो क्षमा करतो, परंतु त्याच श्वासात आपले राज्य परत मागतो आणि ते अँटोनिओला द्यावेच लागेल हेही बजावतो. अँटोनिओ व सेबॅस्टियन यांनी नेपल्सच्या राजाविरुद्ध रचलेला कट आपल्याला ठाऊक आहे, पण तूर्त आपण तो उघड करीत नाही, असे तो त्या दोघांना हळूच ऐकवतो. या क्षमेच्या मुठीत एक दोरी राखून ठेवलेली आहे. ज्याला क्षमा केली, तो भाऊ त्या क्षमेला एका शब्दानेही उत्तर देत नाही. करुणेची आठवणही प्रॉस्पेरोला स्वतःहून होत नाही. ती करून देतो तो एरिअल, जो मनुष्य नाही आणि ज्याला स्वतःच्या मुक्ततेसाठी वारंवार याचना करावी लागते. एवढे सर्व असताना नाटकाला केवळ ‘क्षमेचे’ म्हणणे, हे विजेत्याने स्वतःविषयी काढलेल्या उद्गारावर शिक्कामोर्तब करणे होय.

नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी इ. स. १८७५ मध्ये हे नाटक मराठीत आणले. ग्रँट डफने लिहिलेल्या मराठ्यांच्या इतिहासाची चिकित्सा करणारे कीर्तने ते हेच, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही. पराभूतांचा इतिहास विजेत्याने लिहिला म्हणजे त्यात काय गळते, याची जाण असलेल्या गृहस्थाच्या हातून हे नाटक मराठीत आले. पुढील समीक्षेने मात्र तो धागा उचलला नाही. युरोपात आणि कॅरिबियन प्रदेशात तो वेगळ्या रीतीने उचलला गेला. ऑक्टेव्ह मॅनोनी यांनी १९५० मध्ये प्रॉस्पेरो व कॅलिबन यांच्या नात्यात वसाहतवादाचे मानसशास्त्र पाहिले. जॉर्ज लॅमिंग यांनी १९६० मध्ये, एमे सेझेर यांनी १९६९ मध्ये आणि रोबेर्तो फेर्नांदेस रेतामार यांनी १९७१ मध्ये कॅलिबनची बाजू घेतली. ही समीक्षा आपल्याकडे पोहोचली तेव्हा पुष्कळांनी जुने वाचन टाकून नवे अंगावर चढवले. क्षमाशील ऋषी एका रात्रीत गोरा मळेवाला झाला. पण या दुसऱ्या वाचनातही एक सत्य हरवले: प्रॉस्पेरोवर खरोखरच अन्याय झालेला आहे. त्याची तक्रार बनावट नाही. खऱ्या अन्यायाचा बळी ठरलेला मनुष्य आपला न्याय मिळवताना तिसऱ्याच्याच पदरी अन्याय टाकतो, हा या नाटकाचा गाभा आहे; आणि तो पहिल्या वाचनाला दिसत नाही, तसाच दुसऱ्यालाही दिसत नाही.

हा गाभा समजून घ्यायला मराठी वाचकाला अल्जिअर्स किंवा बर्म्युडापर्यंत जाण्याचे कारण नाही. कावेरीच्या खोऱ्यात मराठी भाषा बोलणाऱ्या राजघराण्याने सुमारे पावणेदोनशे वर्षे राज्य केले, आणि त्या गादीचा इतिहास म्हणजे न्याय मागणाऱ्या राजपुत्रांचा इतिहास आहे. त्याचा आरंभच पाहावा. तंजावरच्या नायक घराण्यातील चेंगमलदास हा विस्थापित वारस. त्याला गादी मिळवून देण्यासाठी विजापूरकरांनी व्यंकोजी भोसले यांस धाडले. व्यंकोजींनी ते काम केले आणि इ. स. १६७६ च्या सुमारास स्वतःच गादीवर बसले. प्रॉस्पेरोही बेटावर निर्वासित म्हणून आला आणि धनी होऊन बसला. त्याच्या आधी त्या बेटावर आलेली सायकोरॅक्स हीसुद्धा अल्जिअर्समधून हद्दपार केलेली मांत्रिक स्त्रीच होती. हद्दपारीमुळे माणूस निष्पाप ठरत नाही, हे नाटकाने तिच्या उल्लेखातूनच सांगून ठेवले आहे.

पुढे १७३९ मध्ये प्रतापसिंह गादीवर आले आणि पदच्युत झालेले सयाजी यांनी दशकभरानंतर इंग्रजांकडे दाद मागितली. १७४९ मध्ये कंपनीच्या फौजा सयाजींच्या न्यायासाठी निघाल्या आणि त्यांनी कोळ्ळिडम नदीच्या मुखाजवळील देवीकोट्टैचा किल्ला घेतला. तो हाती येताच कंपनीने प्रतापसिंहांशी तह केला, किल्ला स्वतःकडे ठेवला आणि सयाजींच्या वाट्याला तनखा आला. फिर्यादीला तनखा आणि न्यायाधीशाला किल्ला, असा तो निवाडा होता.

तिसरे आणि सर्वांत बोलके उदाहरण दुसऱ्या सरफोजींचे. १७८७ मध्ये तुळजाजींनी त्यांना दत्तक घेतले आणि त्याच वर्षी तुळजाजी वारले. कंपनीने दत्तकविधान अमान्य ठरवून तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंह यांना गादीवर बसवले. पाद्री श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली वाढलेल्या या मुलाला स्वतःच्या जिवाच्या भयाने तंजावर सोडून मद्रासेस जावे लागले. पुढे पंडितांची मते पुन्हा मागवण्यात आली, तेच दत्तकविधान वैध ठरले आणि १७९८ मध्ये सरफोजी गादीवर आले. चुलत्याने बळकावलेले राज्य, परमुलुखातील वास, ग्रंथांचा नाद आणि अखेरीस पुनःस्थापना: प्रॉस्पेरोशी असलेले हे साम्य इतके उघड आहे, की ते दाखवून थांबण्याचा मोह कोणालाही होईल. पण साम्याचा खरा बिंदू त्यापुढे आहे. ऑक्टोबर १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. सरफोजींकडे तंजावरचा किल्ला, सालिना एक लक्ष स्टार पॅगोडा आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा राहिला. अमरसिंहांनाही तनखा मिळाला व ते तिरुविडैमरुदूर येथे राहिले. दोन्ही पक्षांचे समाधान झाले. राज्य तेवढे गेले.

आता नाटकाकडे पुन्हा पाहावे. अँटोनिओवर प्रॉस्पेरोचा मुख्य आरोप कोणता? त्याने नेपल्सची मदत घेण्यासाठी स्वतंत्र मिलानला नेपल्सचे मांडलिक केले. आणि प्रॉस्पेरोच्या विजयाचा शेवट कशात होतो? त्याची एकुलती मुलगी मिरांडा नेपल्सच्या राजपुत्राला दिली जाते; प्रॉस्पेरोनंतर मिलान नेपल्सच्याच घरात जाणार. ज्या पापासाठी भावाला दोषी धरले, तेच कृत्य विवाहाच्या मंगलाष्टकांत पार पडते. सामर्थ्यवंताच्या दारी जाऊन मिळवलेला न्याय बहुधा ज्या वस्तूसाठी मागितला, तीच वस्तू शुल्क म्हणून घेतो. तंजावरच्या तिन्ही प्रकरणांचा हाच सारांश आहे.

सरफोजींविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्यात राज्य गेले तरी सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह मागे राहिला, हा सांत्वनाचा सूर असतो. त्या संग्रहाचे मोल वादातीत आहे. धन्वंतरी महालातील वैद्यकीय कार्याचेही तसेच. पण ग्रंथप्रेमाच्या गौरवाखाली राज्याच्या मोबदल्याचा प्रश्न झाकला जाऊ नये. प्रॉस्पेरोचे राज्य गेले ते ग्रंथांत गढून कारभार दुसऱ्यावर सोपवल्यामुळे, आणि ते परत घेताना तो ग्रंथ बुडवण्याची भाषा करतो. सरफोजींच्या बाबतीत कारभार जाणे हीच ग्रंथांच्या निवांत सहवासाची अट ठरली. १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या मंदिरावर त्यांनी भोसले वंशाचा प्रदीर्घ मराठी वृत्तान्त कोरवून घेतला. कारभार गेल्यानंतर चार वर्षांनी दगडावर उमटलेला हा इतिहास वाचताना, पहिल्या अंकात मिरांडेला आपली कहाणी ऐकवणारा आणि ती नीट ऐकते आहेस ना, असे पुन्हा पुन्हा विचारणारा प्रॉस्पेरो आठवला पाहिजे. गाऱ्हाणे सांगण्याचा अधिकार ज्याच्याकडे असतो, त्याच्याकडेच न्यायाधीशाचे आसनही आपोआप जाते.

या सर्व खटल्यांत एक पक्ष कधीच बोलावला गेला नाही. तंजावर आणि कुंभकोणम यांच्या दरम्यान पापनाशम आहे. म्हणजे सरफोजींचे तंजावर आणि अमरसिंहांचे तिरुविडैमरुदूर यांना जोडणाऱ्या वाटेवरच. तेथील तिरुप्पालैत्तुरैच्या शिवमंदिरात नायककाळात बांधलेले विटांचे उंच, शंकूसारखे धान्याचे कोठार आजही उभे आहे. त्यात सुमारे तीन हजार कलम भात मावते असे सांगतात. नायक गेले, भोसले आले, कंपनी आली. कोठार भरणारे हात तेच राहिले. गादी कोणाची, यावर पंडितांची मते दोनदा घेण्यात आली. जमीन कसणाऱ्याचे मत एकदाही नाही. तंजावर जिल्ह्यातील कुळे व पण्णैयाळ यांच्या संरक्षणाचा कायदा १९५२ साली झाला. कॅलिबनविषयी प्रॉस्पेरो मिरांडेला सांगतो ते हेच, की हा कितीही नकोसा असला तरी याच्यावाचून भागत नाही. चूल पेटते ती याच्या सरपणावर. बेट माझे आहे, ते मला आईकडून आले, गोड्या पाण्याचे झरे मीच तुला दाखवले, असे कॅलिबन म्हणतो. त्यावर प्रॉस्पेरो मिरांडेवरील अतिप्रसंगाच्या प्रयत्नाचा आरोप पुढे करतो. तो आरोप गंभीर आहे, कॅलिबन तो नाकारीतही नाही, आणि त्याच्या कैवाऱ्यांनी तो झाकू नये. परंतु गुन्ह्याचा आरोप हे मालकीच्या दाव्याचे उत्तर नव्हे. त्या दाव्याचे उत्तर पाच अंकांत कोठेही येत नाही.

पापनाशमच्या दुसऱ्या एका मंदिराने या प्रश्नाला एक मापदंड पुरवला आहे. तेथील रामलिंगस्वामींच्या देवळात एकशे आठ शिवलिंगे आहेत. स्थलकथा अशी, की लंकेहून परतणाऱ्या रामाला खर-दूषणांच्या वधाचा दोष जाणवला आणि त्याच्या निवारणासाठी ही लिंगे स्थापन झाली. एक आणण्यास हनुमंत काशीला गेला. ही कथा मराठी वाचकाला दूरची वाटू नये, कारण आपल्या परंपरेप्रमाणे तो वध पंचवटीच्या परिसरातला. रामही राज्याला मुकलेला, वनवासी आणि बेटावर जाऊन न्याय मिळवणारा. त्याच्या पक्षाची न्याय्यता कथेला मुळीच अमान्य नाही. तरीही ती म्हणते, की जिंकलेल्या न्याय्य पक्षाकडेही काही देणे उरते. खर आला होता तो विटंबना झालेल्या बहिणीसाठी. त्याच्या दृष्टीने तोही न्यायच मागत होता.

यावर आक्षेप घेता येईल, की वाळूच्या लिंगांनी मेलेले उठत नाहीत आणि धार्मिक विधी हा राजकीय न्यायाचा पर्याय नव्हे. आक्षेप योग्य आहे. पापनाशमची कथाही ऋणाची परतफेड करीत नाही. ऋण मान्य मात्र करते. ‘टेंपेस्ट’ही शेवटी एवढे मान्य करते. कॅलिबनची जबाबदारी आपली आहे, असे प्रॉस्पेरो सर्वांसमोर कबूल करतो, आणि भरतवाक्यासारख्या समारोपात मुक्ततेसाठी हात जोडतो. पण ते कोणापुढे? प्रेक्षकांपुढे. ज्याचे बेट घेतले त्याच्यापुढे नव्हे. नाटकाला देणे कळले आहे. धनको तेवढा बदलला आहे. आपल्या समीक्षेने त्या याचनेला टाळ्या वाजवून उत्तर दिले आणि आपण प्रॉस्पेरोला सोडवले, असे मानले.

तंजावरच्या मराठी साहित्यातच या नात्याचे दुसरे रूप सापडते. सरफोजींच्या नावावर असलेल्या ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाटकात जगाचा भूगोल सांगणारी व्यक्ती आहे भविष्य सांगत हिंडणारी कुरवंजी. येथे रानातील स्त्री शिकवते आणि स्वर्गातले ऐकतात. तो भूगोल युरोपीय विद्येतून आलेला होता, आणि कुरवंजीच्या तोंडी तो घालणारा राजा स्वतः किल्ल्यापुरता उरला होता, हे खरे. तरीही ज्या रंगभूमीने अशी पात्रयोजना केली, तिचे वारस असलेल्या मराठी अभ्यासकांनी कॅलिबनला केवळ विद्रूप विनोदी पात्र म्हणून शिकवावे, हे क्षम्य नाही.

म्हणून ‘टेंपेस्ट’ शिकवताना प्रॉस्पेरोने क्षमा केली का, हा प्रश्न आता मागे घ्यावा. त्याला मिळालेल्या न्यायाचा खर्च कोणी सोसला, हा प्रश्न त्या जागी यावा. आणि सरफोजींचे चरित्र लिहिणाऱ्यांनीही आपल्या नायकाविषयी तोच विचारावा. प्रॉस्पेरो निघून गेल्यावर कॅलिबन बेटावर राहिला की त्याला मिलानला नेले, हे नाटककार सांगत नाही. विद्यार्थ्यांना त्या न सांगितलेल्या ओळीपर्यंत नेणे हे अध्यापकाचे काम आहे, आणि बहुतेक वर्गांत ते अद्याप सुरू झालेले नाही.