सूर्याची ऊब आणि वहीतील हिशेब

बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव चांदीच्या पेठेसाठी प्रसिद्ध. तेथे खरा हिशेब तोच, ज्यात मालाबरोबर घट आणि मजुरीही मांडलेली असते. सूर्यातील ऊर्जा पृथ्वीवर निर्माण करू पाहणाऱ्या संशोधनालाही हीच कसोटी लागू पडते.

हायड्रोजनच्या अणुकेंद्रांचे मीलन घडविण्यासाठी त्याचा वायू सुमारे १५ कोटी अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा लागतो. या तप्त अवस्थेला प्लाझ्मा म्हणतात. चुंबकीय क्षेत्रात त्याचे विद्युतभारित कण ठरावीक लयीत फेऱ्या घालतात. रेडिओलहरींची कंपने त्या लयीशी जुळविली, की योग्य क्षणी ढकललेल्या झोक्याप्रमाणे कणांची ऊर्जा वाढत जाते.

भारतात हे कार्य गांधीनगरजवळील प्लाझ्मा संशोधन संस्थेत चालते. अहमदाबादच्या जैन उद्योजक घराण्यातील डॉ. विक्रम साराभाई यांनी १९४७ मध्ये स्थापिलेल्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत तिचे मूळ आहे. तिचे 'आदित्य' यंत्र १९८९ मध्ये कार्यान्वित झाले. फ्रान्समधील 'ईटर' प्रकल्पासाठी रेडिओलहरींचे स्रोत घडविण्याची जबाबदारीही भारताकडे आली.

ईटरचे उद्दिष्ट प्लाझ्मास ५० मेगावॉट उष्णता देऊन ५०० मेगावॉट मिळविण्याचे आहे. दसपट लाभ! परंतु लहरी निर्माण करताना वाया जाणारी वीज आणि चुंबके अतिशीत ठेवण्याचा खर्च त्या ५० मध्ये धरलेला नाही. शिवाय ईटर वीजनिर्मिती करणारच नाही. तो प्रयोग आहे.

म्हणून सुज्ञ गृहस्थाने ही आशा आजच जमेस धरू नये, आणि तिच्यासाठीचे परिश्रम बुडीत खातीही टाकू नयेत.