भिडू-निवडीचे शास्त्र आणि पैजेचा मोह

दोन नायक समोरासमोर उभे राहतात, नाणेफेक होते आणि मग आळीपाळीने एकेक भिडू निवडला जातो. महाराष्ट्रातील कोणत्याही वाडीत, वसाहतीत वा शाळेच्या पटांगणात वाढलेल्या माणसाला हे दृश्य नवे नाही. पहिला भिडू घेताना जो केवळ धिप्पाड देह पाहतो तो पुष्कळदा फसतो आणि चपळ गडी हेरणारा बाजी मारतो, हाही सर्वांच्या अनुभवाचा भाग आहे. मैदानावरील या साध्या रिवाजाला अमेरिकेत गेल्या साठ वर्षांत एका शास्त्राचे रूप आले आहे. तेथे ऑगस्ट महिना सरत आला, की कार्यालयांत, महाविद्यालयांत आणि घरोघरी दहा-बारा जणांचे गट एकत्र बसतात आणि व्यावसायिक फुटबॉलमधील प्रत्यक्ष खेळाडूंमधून आपापले काल्पनिक संघ उभे करतात. या स्पर्धेला 'फॅंटसी फुटबॉल' आणि या निवडीला 'ड्राफ्ट' असे नाव आहे. अमेरिकेत नोकरीसाठी गेलेल्या मराठी तरुणालाही सहकाऱ्यांकडून या खेळाचे निमंत्रण येते आणि पहिल्या वर्षी तो बहुधा चुकीचा भिडू निवडतो. ती चूक का होते, हे समजून घेण्यासारखे आहे. कारण त्या उत्तरात खेळ आणि जुगार यांच्यातील सीमारेषाही दडलेली आहे.

पहिलीच निवड चुकली

या खेळाचा जन्म 1962 सालचा. ओकलंड रेडर्स या संघाचे एक भागीदार बिल विंकेनबाख संघासमवेत पूर्व किनाऱ्याच्या दौऱ्यावर असताना न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात मुक्कामी होते. संघाचे एक अधिकारी आणि एक वार्ताहर यांच्यासह त्यांनी तेथे या स्पर्धेची नियमावली तयार केली. पुढच्या वर्षी, 1963 च्या ऑगस्टमध्ये, विंकेनबाख यांच्या ओकलंडमधील घरी आठ संघांची पहिली निवड पार पडली. पहिला क्रमांक ज्यांच्या वाट्याला आला, त्यांनी जॉर्ज ब्लांडा यांना घेतले. ब्लांडा चेंडू फेकणारे 'क्वार्टरबॅक' होते आणि पायाने गोल साधणारे 'किकर'ही होते. एकाच माणसाकडून दोन्ही कामांचे गुण मिळतील, असा तो हिशेब होता. मात्र त्या वेळी जिम ब्राऊन हे धावपटू निवडीसाठी उपलब्ध होते आणि त्याच हंगामात त्यांनी चेंडू घेऊन 1,863 यार्ड धाव घेतली. या खेळाच्या इतिहासातील पहिलीच निवड अशा रीतीने फसली.

त्या स्पर्धेत काही सेंटांची देवघेव होती. पण मुख्य हेतू मित्रमंडळींचा वर्षभराचा संवाद हाच होता. आठही गटांतील माणसे एकमेकांना ओळखत होती. हंगाम संपल्यावर कोण हरले याची चर्चा पुढच्या ऑगस्टपर्यंत पुरत असे. ही बाब पुढील विवेचनात महत्त्वाची ठरेल.

दुर्मीळ ते मोलाचे

अमेरिकन फुटबॉल हा भारतात परिचित असलेल्या फुटबॉलहून वेगळा खेळ आहे. त्यात क्वार्टरबॅक चेंडू फेकतो, 'रनिंग बॅक' तो घेऊन धावतो, 'वाइड रिसीव्हर' आणि 'टाइट एंड' तो झेलतात. व्यावसायिक लीगमध्ये 32 संघ असून 2021 पासून प्रत्येक संघ 17 सामने खेळतो. काल्पनिक संघात साधारणतः एक क्वार्टरबॅक, दोन रनिंग बॅक, दोन वाइड रिसीव्हर, एक टाइट एंड, एक ऐच्छिक जागा, एक किकर आणि एका संपूर्ण संघाचा बचाव असे नऊ घटक असतात. काही राखीव असतात. खऱ्या सामन्यात खेळाडू जे यार्ड व गोल मिळवतो, त्यांचे गुण त्याच्या काल्पनिक धन्याच्या खात्यात जमा होतात. दर आठवड्याला गटातील दोन संघ एकमेकांशी भिडतात.

नवख्याला वाटते, की सर्वाधिक गुण मिळवणारा क्वार्टरबॅक प्रथम घ्यावा. येथेच गल्लत होते. बारा जणांच्या गटात प्रत्यक्ष खेळवायला क्वार्टरबॅक लागतात केवळ 12, आणि उपलब्ध संघ आहेत 32. रनिंग बॅक मात्र किमान 24 लागतात. समजा, सर्वोत्तम क्वार्टरबॅक हंगामात 350 गुण मिळवतो आणि बाराव्या क्रमांकाचा 280. दोघांतील अंतर 70 गुणांचे झाले. समजा, सर्वोत्तम रनिंग बॅक 300 गुण मिळवतो आणि चोविसाव्या क्रमांकाचा 150. हे अंतर 150 गुणांचे. म्हणजे 350 गुणांच्या खेळाडूपेक्षा 300 गुणांचा खेळाडू संघाला अधिक लाभदायक ठरतो. खेळाडूचे मोल त्याच्या एकूण गुणांवरून ठरवायचे नसते. तो न मिळाल्यास त्याच जागी जो सहज मिळेल, त्याच्याशी तुलना करून ते ठरवायचे असते. जो ब्रायंट यांनी हा विचार पद्धतशीरपणे मांडला आणि आज या खेळाचे बहुतेक जाणकार त्यावरच आपली यादी बेततात.

यातून व्यवहाराचे काही नियम निघतात. क्वार्टरबॅकची घाई करू नये. मधल्या फेऱ्यांत चांगला क्वार्टरबॅक मिळतो. किकर आणि बचाव शेवटच्या दोन फेऱ्यांसाठी राखून ठेवावेत, कारण त्यांच्यातील फरक अल्प आणि बेभरवशाचा असतो. यादी एकापाठोपाठ एक अशी न करता श्रेणीनुसार करावी. एका श्रेणीत पाच समान खेळाडू शिल्लक असतील तर थांबण्यात तोटा नाही; शेवटचा एकच उरला असेल तर तो लगेच घ्यावा. आणि ज्या गटात खेळायचे, त्याची गुणपद्धती निवडीपूर्वी वाचून घ्यावी. काही गटांत प्रत्येक झेलाला स्वतंत्र गुण असतो, तेथे रिसीव्हरचे मोल आपोआप वाढते.

नागमोडी क्रमातील न्याय

निवडीचा क्रम कसा असावा, यातही या खेळाने एक न्याय शोधला आहे. पहिल्या फेरीत ज्याला पहिला क्रमांक मिळतो, त्याला दुसऱ्या फेरीत शेवटचा मिळतो. क्रम सापासारखा वळत जातो, म्हणून त्याला नागमोडी निवड म्हणतात. बारा जणांच्या गटात पहिल्या माणसाला पहिला भिडू मिळाल्यावर थेट 24 वा आणि 25 वा मिळतो. बाराव्या माणसाला 12 वा आणि 13 वा असे दोन लागोपाठ घेता येतात. ज्याला आरंभी लाभ झाला त्याने पुढे थांबावे, हा या व्यवस्थेचा गाभा आहे. जो टोकाला बसतो त्याने पुढील बावीस निवडींत काय संपेल याचा अंदाज घेऊनच पाऊल टाकावे. इतरांची गरज ओळखल्याशिवाय स्वतःची निवड नीट साधत नाही.

तरीही नियतीचा वाटा उरतोच. सॅन फ्रान्सिस्कोचे ख्रिश्चन मॅकॅफ्री यांनी 2023 च्या हंगामात 1,459 यार्ड धाव घेतली; साहजिकच 2024 मध्ये बहुतेक गटांत पहिली निवड त्यांचीच झाली. पायाच्या दुखापतींमुळे त्या हंगामात ते केवळ 4 सामने खेळू शकले. रनिंग बॅकना दुखापती अधिक होतात हे लक्षात घेऊन पहिल्या काही फेऱ्यांत त्यांना टाळावे, असे उलट टोकाचे मतही 2013 पासून जोर धरून आहे. दोन्ही पक्षांत तथ्य आहे. पण दोघांनाही मान्य असलेला धडा असा, की सारी मदार एका माणसावर ठेवू नये.

याची दुसरी बाजूही पाहावी. 1999 साली सेंट लुईस संघाचा प्रमुख क्वार्टरबॅक हंगामापूर्वीच जायबंदी झाला आणि कर्ट वॉर्नर यांना संधी मिळाली. व्यावसायिक संघांनी त्यांना वार्षिक निवडीत घेतले नव्हते. कधीकाळी ते आयोवात किराणा दुकानाच्या फळ्यांवर माल लावण्याचे काम करीत. त्या वर्षी त्यांच्या हातून 41 'टचडाउन' झाले, ते लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले आणि त्यांच्या संघाने अजिंक्यपद मिळवले. निवडीच्या दिवशी ज्याचे नाव कोणाच्या ओठांवर नव्हते, त्याला हंगामाच्या पहिल्या आठवड्यांत हेरणारा गडी त्या वर्षी भाग्यवान ठरला. निवड एका संध्याकाळी संपते. संघाची निगा चार महिने राखावी लागते.

निवड गेली, पैज उरली

येथवर ज्याचे वर्णन झाले तो खेळ अभ्यासाचा आहे आणि सोबतीचाही. त्याचे रूप पालटले ते पैशामुळे. अमेरिकेने 2006 मध्ये आंतरजालावरील जुगाराच्या आर्थिक व्यवहारांना आळा घालणारा कायदा केला; त्यातून काही अटींवर काल्पनिक संघांच्या स्पर्धांना सूट दिली. बक्षीस आधी जाहीर असावे, निकाल कौशल्याने ठरावा, तो एकाच खेळाडूच्या वा एकाच संघाच्या कामगिरीवर अवलंबून नसावा, असे त्या अटींचे स्वरूप होते. हंगामभर चालणाऱ्या मित्रांच्या खेळाला ही सूट साजेशी होती. परंतु 2009 मध्ये फॅनड्युएल आणि त्यानंतर ड्राफ्टकिंग्ज या कंपन्यांनी याच चौकटीत एका दिवसाच्या स्पर्धा सुरू केल्या.

या स्पर्धांत खरी निवड उरली नाही. ठरावीक काल्पनिक रकमेत कोणताही खेळाडू कोणीही घ्यावा, एकच खेळाडू हजारो जणांनी घ्यावा, संध्याकाळी निकाल लागावा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पैसे लावावेत, असा हा प्रकार. मित्रांच्या गटात एक भिडू एकाचाच असतो. म्हणून तेथे थांबणे, तडजोड करणे आणि समोरच्याला ओळखणे भाग पडते. दैनिक स्पर्धेत समोरचा माणूसच नाहीसा झाला. 2018 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने क्रीडा-पैजांवर निर्बंध घालणारा 1992 चा केंद्रीय कायदा रद्द ठरवला आणि त्यानंतर याच दोन कंपन्या उघड पैजांच्या बाजारात अग्रेसर झाल्या. आरंभी जे कौशल्याच्या नावाने आले, त्याचा पुढचा मुक्काम कोठे होता हे यावरून स्पष्ट व्हावे.

भारतात आला तो हाच दुसरा प्रकार. मुंबईत 2008 साली स्थापन झालेल्या ड्रीम11 ने क्रिकेटच्या एकेका सामन्यासाठी अकरा खेळाडू निवडण्याची पद्धत रुजवली. 2017 मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने आणि 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती कौशल्याचा खेळ मानली. कौशल्य त्यात आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न असा, की कौशल्य असले म्हणजे कुटुंबाचे नुकसान टळते काय? फासे टाकण्यातही शकुनी निष्णात होता. अखेर ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयक कायदा संमत केला आणि पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, मनाई केली. असा खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे; खेळणाऱ्यास मात्र शिक्षा नाही. त्यानंतर ड्रीम11 ने पैशांच्या स्पर्धा बंद केल्या.

कायद्याने दार लावले. तथापि निवडीची हौस कायद्याने संपत नाही आणि संपूही नये. तरुण मनाला अंदाज बांधणे आवडते, आकड्यांशी झटणे आवडते. त्या हौसेला जुन्या, मूळ रूपाकडे वळवणे हे घरातील वडीलधाऱ्यांचे काम आहे. एका इमारतीतील आठ मुलांनी आयपीएलच्या आरंभी एकत्र बसावे, नागमोडी क्रमाने भिडू घ्यावेत, एकाने घेतलेला खेळाडू दुसऱ्याला मिळू नये, वहीत गुण मांडावेत आणि पैसा मुळीच नसावा. दुर्मिळतेचे तत्त्व तेथेही लागू पडेल: चांगले फलंदाज पुष्कळ मिळतील, पण खरा अष्टपैलू आणि भरवशाची फलंदाजी करणारा यष्टिरक्षक लवकर संपेल. अशा गटात बारा वर्षांचा मुलगा टक्केवारी शिकेल, पहिल्या संधीनंतर पाळी येईपर्यंत थांबायला शिकेल आणि आपण निवडलेला भिडू अपयशी ठरला तरी त्याला दोन महिने सांभाळायला शिकेल.

ओकलंडच्या त्या घरात 1963 साली बसलेल्यांनी पहिलाच भिडू चुकीचा घेतला, तरी त्यांचा खेळ टिकला. याचे कारण, हरलेला माणूस पुढच्या वर्षी त्याच मित्रांत परत येऊन बसला. मोबाइलच्या पडद्यावर एकट्याने पैसे हरलेल्या तरुणाला परत येऊन बसायला अशी जागा नसते. ती जागा निर्माण करणे कायद्याच्या आवाक्यातील नाही. ते घराने आणि शेजाराने करायचे आहे.